कोटाचं माप

या वर्षीच्या उपवासकाळात फ्लोरियन ड्रायलिंगांनी नावं ठेवायचं सोडलं, आणि सगळ्या सेंट ओटिलिया गावाची पंचाईत झाली.

गेल्या वर्षी त्यांनी बिअर सोडली होती, त्याच्या आदल्या वर्षी तंबाखू. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची आणि ईस्टर येईपर्यंतचे चाळीस दिवस आपली एखादी आवडती गोष्ट देवाला देऊन टाकायची, हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. कुणी गोड सोडतं, कुणी पत्ते. पण नावं ठेवणं? तेही फ्लोरियननी? गावात कुणी नवं कुंपण घातलं, कुणी वासरू विकत घेतलं, कुणी कोठाराला रंग दिला, की तो माणूस काहीतरी निमित्त काढून फ्लोरियनना तिथून नेणारच. ते एकदा बघत आणि नेमकं काय चुकलंय ते सांगत. आणि बघूनही काही बोलले नाहीत, तर तो माणूस छाती फुगवून घरी जाई. कारण ड्रायलिंगांच्या घरात, पणजोबा व्होल्गा नदीच्या काठावरून कॅन्ससच्या या माळावर आले तेव्हापासून, एकच म्हण चालत आली होती: नावं ठेवली नाहीत, म्हणजे कौतुक झालंच.

कौतुकाला त्या घरात दुसरा शब्द नव्हता. त्यांच्या मुलीनं, बर्नाडेटनं, शाळेत चित्रकलेचं पहिलं बक्षीस आणलं, तेव्हा पपांनी ते चित्र जेवणाच्या टेबलावर ठेवून सूप संपेपर्यंत बघितलं होतं आणि मग काही न बोलता गाईंना चारा घालायला गेले होते. त्या रात्री आनंदाच्या भरात तिला झोप लागली नव्हती.

ती आता एकोणचाळीस वर्षांची होती, आणि तसल्याच एका गप्प बसण्यासाठी डेट्रॉइटहून दीड दिवस गाडी चालवत आली होती.

गाडी म्हणजे ती काम करायची त्या मोटार कंपनीचा नवा पिकअप ट्रक, ड्रोव्हर. सबंध नव्यानं घडवलेला. दुकानांत यायला अजून महिना होता, पण कामावरच्या लोकांना काही दिवस चालवून बघायला देत होते, तसा तिनं मागून घेतला होता. रंग ओल्या गव्हासारखा हिरवा, आणि त्यावर तीन राज्यांचा चिखल. शुक्रवारी दुपारी ती अंगणात शिरली तेव्हा पपा कोठारातून हात पुसत बाहेर आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा उंच, वाळका माणूस. टोपी मागे सारून त्यांनी ट्रकला एक फेरी मारली. मग दुसरी. तोंडाशी थांबले, दिव्यांशी थांबले. केबिनच्या मागे सामानाच्या उघड्या हौद्याची कड जिथं एकदम खाली उतरते तिथं सगळ्यांत जास्त वेळ थांबले. बर्नाडेटचे कान त्यांच्या ओठांकडे लागले होते.

पपांनी तोंड उघडलं. मिटलं.

"वाटेत वारा होता?" त्यांनी विचारलं.

"होता, पपा."

"असायचाच," म्हणून ते व्यायला झालेल्या गाईकडे निघून गेले.

नावं ठेवली नाहीत! ती स्वयंपाकघरात धावत गेली आणि ममाच्या गळ्यात पडली. "ममा, बघितलंस? दोन फेऱ्या मारल्या आणि एक शब्द बोलले नाहीत!"

ममा, म्हणजे लिओना, पाईचं पीठ लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. "अगं बाई. तुला सांगायचं राहिलंच. त्यांनी नेम केलाय."

"कसला?"

"नावं न ठेवण्याचा. ईस्टरपर्यंत. फादर म्हणाले, जे सोडलं की दुखेल तेच सोडा. मी म्हटलं, बिअर सोडून तुम्हाला काय दुखतंय, उलट मला बोलायला जास्त वेळ मिळतो. हे सोडून दाखवा. तर खरंच सोडलं. परवा सिरिलच्या सुनेचा केक करपला होता, तर हे तोंडात रुमाल कोंबून बसले."

बर्नाडेट खुर्चीवर बसली. म्हणजे त्या गप्प बसण्याला काही अर्थच नव्हता. आवडलं म्हणून गप्प, की नेम आहे म्हणून गप्प, हे देवाला माहीत. हजार मैल आणलेलं दूध तिच्या डोळ्यांदेखत नासलं.

"आणि कोट कुठाय?" ममानं विचारलं. तो तिचा ठरलेला प्रश्न होता. चार वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला बर्नाडेटनं पपांचं माप घेतलं होतं, कोट शिवून आणते म्हणाली होती, आणि कोट काही आला नव्हता.

"येईल गं," ती म्हणाली.

*

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये माशाचं जेवण होतं. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून गावातले पुरुष कढया मांडून मासे तळतात आणि बायका पाई आणतात. ममाचे पाईचे चार ट्रे ट्रकमधूनच आले, आणि त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकानं ट्रक बघितला. बर्नाडेटनं ताट घेतलं तोवर हॉलमध्ये दुसरा विषयच उरला नव्हता.

"बर्नी!" वर्जिल वासिंगरनी लांबूनच हाक मारली. पपांचा शाळेपासूनचा दोस्त. आवाज असा की त्याला फोनची गरज नव्हती. त्याच्या घरात तीन पिढ्या दुसऱ्या कंपनीचेच ट्रक. "ये इथं बस. मला सांग, ते तोंड कुणी केलं गं? गुराला मुसकं बांधल्यासारखं?"

"तोंड करणारे लोक वेगळे, वर्जिलकाका."

"आणि दिवे? ते तर पहिल्या प्रवचनालाच पेंगायला लागलेत."

"मला तोंडावरची जाळी आवडली," सिरिल हळूच म्हणाले. सिरिल लाइकर म्हणजे गावातले सगळ्यांत बुटके गृहस्थ, त्यात उजवा खांदा वळूनं धडक दिल्यापासून आखडलेला. "आपल्या चर्चच्या ऑर्गनच्या नळ्यांसारखी वाटली मला."

"तुला ऑर्गन आवडणारच. तो वाजतो तेव्हाच तू जागा असतोस."

टेबल हसलं. सिरिलही हसले.

"तोंडाचं एक वेळ मी सोडून देतो," वर्जिल काटा नाचवत म्हणाला. "पण ती बाजू! ट्रकची बाजू कशी असावी? सरळ. ताठ. पुढून मागपर्यंत एक रेघ. इथं केबिनच्या मागे रेघ अशी खाली बसलीय, जशी दहा शिंगरं झालेली म्हातारी घोडी. पाठच गेली बिचारीची!"

आता तर शेजारची दोन टेबलंही हसली. बर्नाडेटनं काटा खाली ठेवला. तोंड तिचं नव्हतं, दिवे तिचे नव्हते. ती खाली उतरलेली रेघ तेवढी तिची होती. चार वर्षांची.

"मला तर तीच बाजू आवडली," ममा पाई वाढता वाढता म्हणाली. "आज पहिल्यांदा स्टुलावर न चढता मी ट्रे आत ठेवले."

"लिओना, ट्रक काय पाई वाहायला घेतात?"

"का रे? मागल्या वर्षी तुझं अपेंडिक्स फुटायला आलं होतं, तेव्हा तुझ्या बायकोनं तुला कशातून नेलं? घोडीवरून?"

हशा वर्जिलवर उलटला. पण तो हार मानणारा नव्हता. तो पपांकडे वळला. "फ्लोरियन, तू सांग. तुझ्या पोरीच्या कंपनीचा ट्रक. तू बघितलास. कसाय?"

काटे थांबले. कढईवरचा माणूससुद्धा झारा हातात धरून वळला. पपांनी सावकाश तोंड पुसलं.

"मासा गरम आहे," ते म्हणाले.

"हे काय! हा नेम म्हणजे सगळ्या गावाला शिक्षा झालीय," वर्जिल कळवळून म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा उजळला. "थांबा थांबा. परवा रविवार! रविवार नेमात धरत नाहीत! मोजून बघा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार धरले तर सेहेचाळीस होतात. चाळीस कधी भरतात? रविवार वगळले की. फादर! ओ फादर! रविवारी नेम सुटतो की नाही?"

फादर उष्ट्या ताटांची चळत घेऊन चालले होते. "मोजणीनं सुटतो," ते म्हणाले. "मनानं सुटतो का, ते ज्याचं त्यानं बघावं. आणि मला यात ओढू नका."

"मोजणीनं सुटतो! ऐकलंत सगळ्यांनी?"

"मी तर रविवारीही कॉफीत साखर घालत नाही," ममा म्हणाली. "नेम म्हणजे काय दुकान आहे, रविवारची वेळ निराळी?"

सगळे पपांकडे बघत होते. पपांनी ताटातला शेवटचा घास संपवला, काटा आडवा ठेवला.

"रविवारी बोलेन," ते म्हणाले.

*

शनिवारी पपांनी नव्या ट्रकमधून गुरांच्या मिठाची पोती आणली. बर्नाडेट बरोबर गेली. मागचा फाळका पाडला, पोती सरकवली, फाळका लावला. पपा कामात असले की कामातच असतात. एकदाच, पोतं उतरवताना, त्या उतरत्या रेघेकडे बघून ते म्हणाले, "हे जे..." आणि जीभ चावली.

हे जे काय? दिवसभर तिच्या मनाला ते दोन शब्द कुसळासारखे टोचत राहिले.

डेट्रॉइटमध्ये ती मातीकाम करायची. गाडी कागदावर कितीही काढा, पडद्यावर कितीही फिरवून बघा, शेवटी ती खऱ्या आकाराची, मातीची करून समोर ठेवल्याशिवाय कुणाला खरी कळत नाही. ती तपकिरी तेलकट माती भट्टीत ऊन करायची, लाकडी सांगाड्यावर थापायची आणि मग पोलादी पट्टीनं खरवडत खरवडत रेघ शोधायची. वीस वर्षं तिनं तेच केलं होतं. बोटांना केसाइतका फुगवटा कळायचा.

नव्या ड्रोव्हरचं काम सुरू झालं तेव्हा वरच्या मंडळींची एकच मागणी होती: उंच. आणखी उंच, आणखी ताठ. हौद्याची कड माणसाच्या हनुवटीपर्यंत आली तरी चालेल, ताकद दिसली पाहिजे. बर्नाडेट माती थापत होती, आणि तिला आठवत होता पपांचा जुना ट्रक. त्यावर ती गाडी शिकली होती. त्याची कड खाली होती. रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, सुटली की तो चर्चसमोर उभा असे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं कोपरं टेकून उभी असत. टोप्या मागे, एक बूट चाकावर, नजर रिकाम्या हौद्यात. जणू हौद्यात काहीतरी आहे आणि ते सगळे मिळून त्याची राखण करताहेत. एकमेकांच्या तोंडाकडे बघून जे बोलता येत नाही ते त्या रिकाम्या हौद्याकडे बघून बोलता येई. आजोबा गेले तेव्हा पपा त्या कडेवर कोपरं टेकूनच पहिल्यांदा रडले. वर्जिलकाका शेजारी उभे होते, हौद्यात बघत.

मग तो ट्रक गंजला. पपांनी नवा घेतला, वर्जिलकाकांनीही घेतला, सगळ्यांनी घेतले. सगळे उंच. मिस्सा सुटली की माणसं खिशात हात घालून उभी राहू लागली. पाच मिनिटं हवापाण्याचं बोलायची, आणि हातांचं काय करावं ते न कळून घरी जायची. सिरिलकाकांची तर टोपीच तेवढी कडेच्या वर दिसे. गावात कुणाला कळलं नाही काय हरवलं ते. बर्नाडेट वर्षातून दोनदा येई, म्हणून तिला कळलं.

चार वर्षांपूर्वीच्या थँक्सगिव्हिंगला पपा गोठ्याच्या फाटकावर कोपरं टेकून उभे होते. ती घरातून शिवणाची टेप घेऊन आली आणि तिनं कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं.

"काय करतेस?" पपांनी विचारलं.

कामाचं घरी बोलायची बंदी. सही केलेली. "कोट शिवायचाय तुम्हाला," ती म्हणाली.

पपांनी जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या टेपकडे बघितलं. "कोट जमिनीपासून मोजतात?"

"नवी पद्धत आहे."

तो आकडा तिनं मातीत उतरवला. मातीच्या नमुन्याच्या दोन बाजू दोन तऱ्हेनं करून बघायची रीतच असते. म्हणजे एकाच नमुन्यात दोन मतं समोर येतात. उजवीकडे वरच्यांना हवी तशी ताठ रेघ ठेवली, आणि डावीकडे तिनं केबिनच्या मागे ती खाली उतरवली, पपांच्या कोपरापर्यंत, आणि मागच्या चाकावर पुन्हा हळूच वर नेली. कमजोर दिसते म्हणाले. तिनं खरवडून पुन्हा केली. विचित्र दिसते म्हणाले. पुन्हा केली. अकरा वेळा वरच्यांनी ती माती भरून पुन्हा ताठ करायला लावली आणि अकरा वेळा तिनं ती उतरवली. शेवटी बाकीचेच दमले असावेत. रेघ राहिली.

आणि आता सगळी दुनिया त्या रेघेला हसत होती. फोटो बाहेर आल्यापासून इंटरनेटवर, मासिकांत. "केळं" म्हणाले, "झोळी" म्हणाले. ते तिनं सोसलं. लोक हसायचेच. पण ज्या कोपरासाठी ती केली होती, त्या कोपराच्या मालकानंच रेघेला घोडी म्हटलं, तर मग तिच्या वीस वर्षांच्या बोटांनी काय शोधलं होतं?

संध्याकाळी पपांनी बूट काढता काढता विचारलं, "यातलं तुझं कुठलं?"

सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण मागून घेतलेलं कौतुक म्हणजे आपल्या वाढदिवसाचा केक आपणच भाजून आपल्यालाच भरवणं. "उद्या सांगते," ती म्हणाली. "आधी तुम्ही बोला."

"मी दिसेल ते बोलेन, बर्नी. तुझं आहे म्हणून सोडणार नाही."

"सोडूच नका," ती म्हणाली. तिनं त्यांचे बूट उचलून दाराशी नेऊन ठेवले.

*

रविवारची मिस्सा सुटली. पिवळ्या दगडाचं ते चर्च, त्याचे दोन मनोरे, आणि माळावरून सुटलेला वारा. बायका कॉफीसाठी हॉलकडे वळल्या, पुरुष टोप्या घालत ट्रककडे. बर्नाडेट ममाबरोबर पायरीवर थांबली. तिनं प्रार्थनेत काय मागितलं ते तिला सांगता आलं नसतं. फक्त जे खरं असेल ते ऐकायची ताकद दे, एवढं म्हटलं असावं.

"चला!" वर्जिल हात चोळत म्हणाला. "रविवार आहे. मोजणीनं मोकळा आहेस. सुरुवात कर."

पपा ट्रकच्या समोर जाऊन उभे राहिले. अडीच आठवड्यांचं साठलं होतं, पण त्यांना घाई नव्हती.

"तोंड फार मोठं," ते म्हणाले. "ज्याच्या अंगात खरं बळ असतं, तो एवढा आ करत नाही."

"वा!" वर्जिल म्हणाला.

"दिवे बारीक. चिखल बसला की दर दोन मैलांवर उतरून पुसावे लागतील."

"बरोबर!"

"बॉनेट उंच. पुढ्यात वासरू उभं असलं तर दिसायचं नाही. आणि दाराची मूठ हातमोज्यात धरता येत नाही. ज्यानं केली त्यानं जानेवारीत कधी गाई सोडल्या नसाव्यात."

बर्नाडेटला हसूही आलं आणि धडकीही भरली. एकही बोट चुकीच्या जागी पडत नव्हतं. मातीकामाच्या दालनात बसून तिनं हेच सगळं म्हटलं होतं, अगदी मुठीचंसुद्धा. माणूस आंधळा असता तर त्याच्या शब्दाला एवढं भ्यायचं कारण नव्हतं.

"आता बाजूला चल," वर्जिल म्हणाला. "घोडीकडे."

पपा बाजूला आले. केबिनच्या मागे, रेघ उतरते तिथं उभे राहिले. डोळे बारीक करून त्यांनी ती पुढून मागपर्यंत बघितली. मग विचार करताना माणूस फाटकावर टेकतो तसे, काही लक्षात न येता, दोन्ही कोपरं कडेवर टेकून उभे राहिले. एक बूट चाकावर गेला. नजर रिकाम्या हौद्यात.

"गव्हाला पाऊस हवा," ते म्हणाले.

"उत्तरेकडे अर्धा इंच पडला म्हणे," पलीकडून वर्जिल म्हणाला. तो समोरच्या बाजूला कोपरं टेकून उभा होता.

"माझ्या भाच्याकडे तेवढाही नाही," सिरिल म्हणाले. ते पपांच्या शेजारी येऊन उभे राहिले. डावं कोपर टेकलं. मग उजवं, आखडलेल्या खांद्याचं, हळूच उचलून तेही टेकलं. ते तिथं बसलं. सिरिलनी एक मोठा श्वास सोडला, जसा दिवसभराचं ओझं उतरवल्यावर सोडतात.

आणखी दोघं आले. मग आणखी एक. पावसावरून बोलणं वासरांवर गेलं, वासरांवरून कुणाच्या तरी खुब्याच्या ऑपरेशनवर. वर्जिल म्हणाला, त्याचा मुलगा शेत सोडून विचिटाला जायचं म्हणतोय. हे त्यानं गावात कुणाला सांगितलं नव्हतं. तो ते हौद्याकडे बघत म्हणाला, आणि बाकीचेही हौद्याकडेच बघत राहिले. थोड्या वेळानं पपा म्हणाले, "माझीही गेली होती. येतात, जातात." वर्जिलनी मान हलवली.

पायरीवर बर्नाडेट उभी होती. तिनं मोजलं: सहा माणसं, बारा कोपरं. पंधरा मिनिटं होऊन गेली होती आणि कुणी घड्याळ बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं असं म्हणायला जागा होती.

"अरे!" वर्जिल एकदम म्हणाला. "बाजूचं राहिलंच की! बोल, फ्लोरियन. घोडीची पाठ!"

पपा बोलणार होते. त्यांनी बाजूकडे बघायला मान खाली घातली, आणि त्यांना आपली कोपरं दिसली. त्यांनी एक हात उचलला. कडेकडे बघितलं, तिथून खाली जमिनीकडे बघितलं, आणि हात पुन्हा होता तिथं ठेवला.

"बर्नी," त्यांनी हाक मारली.

ती पायऱ्या उतरून आली. "काय, पपा?"

"कोट जमिनीपासून मोजत नाहीत."

"नाही, पपा."

"ही बाजू तुझी."

"हो."

माणसांनी टोप्या सावरल्या. वारासुद्धा क्षणभर पडला की तिलाच तसं वाटलं, कोण जाणे. रविवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. नेम सुटलेला, जीभ मोकळी, सगळं गाव कान देऊन उभं. पपांनी त्या रेघेवरून तळहात फिरवला, केबिनपासून मागच्या चाकापर्यंत, जसा ते नव्या जन्मलेल्या वासराच्या पाठीवरून फिरवतात.

आणि ते काही बोलले नाहीत.

"अरे बोल ना!" वर्जिल ओरडला. "एवढं तोंडाला नावं ठेवलीस, मुठीला ठेवलीस! या पाठीला काहीच नाही?"

"तू कोपरं काढ मग, वर्जिल," पपा म्हणाले.

वर्जिलनी खाली बघितलं. आपलीच कोपरं बघून तो असा दचकला, जशी ती दुसऱ्या कुणीतरी तिथं ठेवली होती. सिरिल इतके हसले की त्यांची टोपी हौद्यात पडली, आणि त्यांनी वाकून, आपल्या हातानं, ती काढून घेतली.

वर्जिलनी कोपरं काढली नाहीत. "तोंड तरी मुसकं बांधल्यासारखंच आहे," तो पुटपुटला.

"ते आहेच," बर्नाडेट म्हणाली.

ममा कॉफीला बोलवायला आली होती. तिनं पपांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत तिनं तो चेहरा दोन-तीनदाच बघितला असेल. "फ्लोरियन," ती हळू आवाजात म्हणाली, "गर्व पाप आहे हं."

"आज रविवार आहे, लिओना," पपा म्हणाले.

"कॉफी निवतेय."

"निवू दे."

ममा मागे वळली. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं कॉफीचं भांडं आणि पेले घेऊन बाहेर आली. सगळे पेले तिनं हौद्याच्या कडेवर रांगेनं ठेवले. तिला हात उंच करावा लागला नाही.

बर्नाडेट कुठं उभं राहावं ते न कळून जरा मागेच उभी होती. जन्मभर तिनं हा घोळका बाहेरूनच बघितला होता. पपांनी मान न वळवता, आपलं डावं कोपर थोडं आत ओढून घेतलं. एका माणसापुरती जागा झाली. ती पुढे झाली आणि तिनं कोपरं टेकली. तिला कड जरा उंच होती. ती तिच्या मापाची नव्हतीच.

"उजव्या हाताला किंचित उंच लागते," पपा हौद्यात बघत, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले.

"चार वर्षांपूर्वी बरोबर होती, पपा. तुम्ही खचलात."

पपांनी त्यावर विचार केला. कॉफीचा घोट घेतला.

"मग पुढच्या खेपेला नवं माप घे," ते म्हणाले.